एका भांडणाची दोन पुस्तकं

सॅम मॉस्कोविट्झचं ‘द इमॉर्टल स्टॉर्म’ आणि डेमन नाइटचं ‘द फ्युचरियन्स’ ही पुस्तकं घ्यायची तर जोडीनेच घ्या. दोन्हींचा विषय एकच आहे: अमेरिकेतले विज्ञानकथांचे अगदी सुरुवातीचे वाचक, त्यांची मैत्री आणि त्यांची भांडणं. मॉस्कोविट्झचं पुस्तक १९५४ सालचं, नाइटचं १९७७ सालचं. मॉस्कोविट्झने ज्यांना संमेलनाच्या दारातून परत पाठवलं, त्यांच्याच बिऱ्हाडात नाइट पुढे राहायला गेला. त्यामुळे दोघांची साक्ष एकतर्फी आहे, आणि एकच ऐकून उठणारा वाचक चुकीचा निकाल देऊन बसेल.

मी दोन्ही जुन्या प्रती परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मागवल्या. टपालखर्च पुस्तकांच्या किमतीहून जास्त पडला, तरी मला त्याचं काही वाटलं नाही. लहानपणापासून विज्ञानकथा वाचत आले, लेखकांची नावं तोंडपाठ होती, पण या लेखकांच्या आधी त्यांचे वाचक कसे एकत्र आले हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

सुरुवात छापलेल्या पत्त्यांपासून होते. लक्झेंबर्गहून न्यूयॉर्कला आलेल्या ह्यूगो गर्न्सबॅकने एप्रिल १९२६ मध्ये ‘अमेझिंग स्टोरीज’ काढलं. त्यातल्या वाचकांच्या पत्रांखाली तो पत्र लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता छापायचा. घरात, शाळेत, गल्लीत ज्यांना मंगळाबद्दल बोलायला कुणी नव्हतं अशा पोरांना अचानक कळलं की आपल्यासारखा एक जण ब्रुकलिनमध्ये आहे, एक नेवार्कला आहे, एक फिलाडेल्फियात आहे. आधी पत्रं गेली, मग भेटी झाल्या, मग मंडळं निघाली. मे १९३० मध्ये ‘द कॉमेट’ हे वाचकांनीच काढलेलं अंकपत्र आलं. विज्ञानकथेच्या जगात अशा अंकांची सुरुवात तिथून मानतात. पुढे १९३४ मध्ये गर्न्सबॅकने आपल्या ‘वंडर स्टोरीज’ मासिकातर्फे सायन्स फिक्शन लीग स्थापन केली आणि गावोगावी तिच्या शाखा उघडू दिल्या.

पहिलं मोठं भांडण याच गर्न्सबॅकशी झालं, आणि ते पैशांवरून झालं. डोनाल्ड वोलहाइम या तरुण वाचकाची पहिली कथा जानेवारी १९३४ च्या ‘वंडर स्टोरीज’मध्ये छापली गेली, पण तिचे पैसे आलेच नाहीत. वोलहाइमने चौकशी केली तेव्हा आणखीही लेखकांचे पैसे थकलेले निघाले. मंडळींनी मिळून वकील गाठला आणि शेवटी सगळ्यांचे मिळून ७५ डॉलर वसूल केले. वोलहाइम गप्प बसणाऱ्यांतला नव्हता, त्याने हा सगळा प्रकार इतर वाचकांपर्यंत पोचवला. १९३५ मध्ये लीगने त्याला, जॉन मिशेलला आणि विल्यम सायकोराला काढून टाकलं. ज्याने पत्ते छापून या पोरांना एकमेकांच्या दारात नेलं, त्याच्याशीच त्यांना लढावं लागलं, हे वाचताना मला फार वाईट वाटलं. पण बाजू मी वोलहाइमचीच घेते. मंदीच्या काळात एका नवख्या पोराचे पैसे बुडवायचे आणि वर त्यालाच मंडळातून घालवायचं, हे कसं चालावं?

हे तिघे एकत्र बाहेर काढले गेले, तेव्हा ते जन्माचे मित्र होतील असं वाटतं. तसं झालं नाही. सायकोराला प्रयोग, रसायनं, अग्निबाण यांत रस होता. वाचक जमवायचे ते विज्ञान करायला, असं त्याचं म्हणणं. वोलहाइमला कथा आणि वाङ्मय महत्त्वाचं. सायकोराने आपल्या इंटरनॅशनल सायंटिफिक असोसिएशनच्या अध्यक्षपदाचा राजीनामा दिला, आणि वोलहाइमने १९३७ मध्ये ती संस्थाच विसर्जित करून टाकली. सायकोराने ही गोष्ट कधी विसरली नाही. त्याच वर्षी फिलाडेल्फियाच्या संमेलनात मिशेलने लिहिलेलं भाषण वोलहाइमने वाचून दाखवलं: विज्ञानकथेच्या वाचकाने नुसती स्वप्नं बघू नयेत, फॅसिझमविरुद्ध आणि शास्त्रशुद्ध समाजरचनेसाठी राजकारणात उतरावं. मिशेल कम्युनिस्ट होता. काहींना त्याचं भाषण म्हणजे विचारांचा नवा दरवाजा वाटलं, तर काहींना आपल्या आवडत्या गोष्टीवर झालेलं आक्रमण. सप्टेंबर १९३८ मध्ये वोलहाइम, मिशेल, फ्रेडरिक पोल, रॉबर्ट लाउंडेस आणि मित्रांनी ‘फ्युचरियन्स’ हे मंडळ काढलं. समोरच्या बाजूला सायकोरा, जेम्स टॉरासी आणि नेवार्कचा सॅम मॉस्कोविट्झ यांची ‘न्यू फॅन्डम’ उभी राहिली.

आणि मग २ जुलै १९३९. न्यूयॉर्कचं जागतिक प्रदर्शन त्या वर्षी भरलं होतं, त्याचा योग साधून न्यू फॅन्डमने कॅरव्हान हॉलमध्ये पहिलं जागतिक विज्ञानकथा संमेलन भरवलं. साधारण २०० माणसं आली. चित्रकार फ्रँक पॉल सन्माननीय पाहुणा होता. रे ब्रॅडबरी अठरा वर्षांचा, एका मित्राकडून उसने पैसे घेऊन लॉस एंजेलिसहून बसने आला. तो मित्र म्हणजे फॉरेस्ट ॲकरमन; तोही आला होता, मर्टल डग्लसने स्वतः शिवलेला भविष्यकाळातला पोशाख घालून. आणि दारात मॉस्कोविट्झ उभा होता. आत पिवळ्या कागदावरचं एक पत्रक फिरत होतं, संयोजक हुकूमशहा आहेत असं सांगणारं. त्याचे आणखी गठ्ठे हीटरखाली लपवलेले सापडले. संयोजकांनी ओळखलं की हे फ्युचरियन्सचंच काम. गोंधळ घालणार नाही असं वचन द्या आणि आत या, असं मॉस्कोविट्झने सांगितलं. त्यांनी वचन दिलं नाही. वोलहाइम, मिशेल, पोल, लाउंडेस, सिरिल कॉर्नब्लथ आणि जॅक गिलेस्पी असे सहा जण बाहेर राहिले. पत्रक लिहिणारा डेव्ह काइल मात्र आत बसला होता! ते आपण एकट्याने केलं, फ्युचरियन्सना त्याचा पत्ता नव्हता, असं त्याने पुढे सांगितलं. एकोणीस वर्षांचा आयझॅक असिमोव्हही फ्युचरियन होता, पण त्याला कुणी अडवलं नाही. आपण आत आणि मित्र बाहेर, ही बोच त्याला पुढे राहिली.

मी या सगळ्यांच्या जन्मतारखा पुस्तकाच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने मांडून पाहिल्या. दार अडवणारा मॉस्कोविट्झ दोनच दिवसांपूर्वी एकोणीस पूर्ण झाला होता. पोलही एकोणिसाचाच. आणि कॉर्नब्लथचा तर त्या दिवशी सोळावा वाढदिवस होता. त्यानंतर मी ते प्रकरण पुन्हा वाचलं, आणि दोन्ही बाजूंवरचा माझा राग ओसरला.

आता पुस्तकांविषयी. मॉस्कोविट्झ स्वतःबद्दल ‘मी’ म्हणून लिहीत नाही, ‘मॉस्कोविट्झ’ म्हणून लिहितो. मंडळाच्या सभेतला एखादा ठरावही तो तहनाम्याच्या थाटात सांगतो. वाक्यं लांबलचक, विशेषणं जड. काही वाचक यामुळेच पुस्तक खाली ठेवतील. मला मात्र तो थाट खरा वाटला. ज्या मुलांना बाकीचं जग खिजगणतीतही धरत नव्हतं, त्यांच्या सभांची, राजीनाम्यांची, पत्रांची नोंद त्याने तारीखवार ठेवली. १९४५ पासून त्याने हे लेखन ‘फँटसी कॉमेंटेटर’ या वाचकांच्याच अंकातून हप्त्याहप्त्याने छापलं. त्याने ते लिहिलं नसतं तर बरंचसं रद्दीत गेलं असतं.

त्याच्या पुस्तकातला मला सर्वांत आवडलेला भाग भांडणांचा नाहीच. तो अंक छापण्याचा आहे. माझी पहिली नोकरी सोलापुरातल्या एका शाळेच्या कार्यालयात होती आणि परीक्षेच्या आधी प्रश्नपत्रिका सायक्लोस्टाइल करायचं काम माझ्याकडे असे. टंकयंत्राची फीत बाजूला करून स्टेन्सिल कापायचं, चूक झाली की लाल द्रव लावून फुंकर मारायची, ते वाळलं की पुन्हा तेच अक्षर जपून मारायचं. संध्याकाळी शाई नखांत बसलेली असायची. ही पोरं शाळा-कॉलेज सांभाळून, खिशातले पैसे घालून हेच करत होती. ज्यांना सायक्लोस्टाइल परवडत नव्हतं ती हेक्टोग्राफवर, म्हणजे ताटलीतल्या जिलेटिनच्या थरावर जांभळी शाई उमटवून, जेमतेम पन्नासेक वाचण्याजोग्या प्रती काढत. एवढे कष्ट करून काढलेल्या पानावर कुणी तुम्हाला खोटारडा म्हटलं, तर उत्तर दिल्याशिवाय राहवणार नाही. १९३७ मध्ये वोलहाइम आणि मिशेलने फँटसी ॲमॅच्युअर प्रेस असोसिएशन काढली. सभासदांनी आपापले अंक छापून द्यायचे आणि सगळ्यांचा गठ्ठा सगळ्यांना टपालाने जायचा. भांडणाला आणि दोस्तीला एकाच पाकिटातून घरपोच नेणारी ही व्यवस्था मला त्या काळातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते.

नाइटचं पुस्तक वेगळ्या हाताने लिहिलेलं आहे. तो ओरेगनचा. १९४१ मध्ये डेन्व्हरच्या संमेलनात त्याला फ्युचरियन्स भेटले आणि तो त्यांच्यामागे न्यूयॉर्कला आला. त्याच्याकडे ठरावांपेक्षा माणसं जास्त आहेत. ‘आयव्हरी टॉवर’ असं नाव दिलेली सामायिक खोली, भाड्याची ओढाताण, एकत्र लिहिलेल्या कथा, प्रेमं, लग्नं, काडीमोड. ज्युडिथ मेरिल आणि व्हर्जिनिया किड या स्त्रिया इथे पूर्ण माणसं म्हणून येतात. मॉस्कोविट्झकडे मला ही गोष्ट फार कमी सापडली. नाइटची वाक्यं छोटी आणि मोकळी आहेत. मात्र कोण कुणाबरोबर कधी राहत होतं याचा गुंता तो नीट सोडवत नाही, आणि राजकारणाला त्याने दिलेली जागा मला अपुरी वाटली. पोलसारखा मुलगा यंग कम्युनिस्ट लीगमध्ये का गेला आणि हिटलर-स्टालिन करारानंतर का दुरावला, हे आणखी खोलात हवं होतं.

नाइट वाचताना मला सर्वांत जास्त पटलं ते हे, की या मैत्रीतून एक अख्खा व्यवसाय उभा राहिला. विशीच्या आत असलेला पोल आठवड्याला दहा डॉलरवर ‘अस्टॉनिशिंग स्टोरीज’ आणि ‘सुपर सायन्स स्टोरीज’चा संपादक झाला. १९४१ मध्ये वोलहाइमला दोन मासिकं मिळाली, पण कथांसाठी पैसे मिळाले नाहीत. मग मित्रांनी फुकट लिहून अंक भरले. कॉर्नब्लथ शाळकरी वयाचा असूनही इतकं लिहायचा की एका माणसाला अनेक टोपणनावं घ्यावी लागली. (आपल्याकडे जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला ‘कृष्णविवर’ ही कथा ‘नारायण विनायक जगताप’ या नावाने पाठवली, ती परीक्षकांवर आपल्या नावाचं दडपण येऊ नये म्हणून.) पुढे वोलहाइमने १९७१ मध्ये ‘डॉ बुक्स’ (DAW Books) ही प्रकाशनसंस्था काढली, आणि नाइटने १९६५ मध्ये विज्ञानकथा लेखकांची संघटना उभी केली.

तरी हे मंडळही भांडणातच मोडलं. १९४५ मध्ये वोलहाइम एका बाजूला आणि बरेच जुने सोबती दुसऱ्या बाजूला अशी फूट पडली, आणि वोलहाइमने आपल्याच मित्रांवर अब्रुनुकसानीचा दावा लावला. नाइट त्याच्या विरुद्ध गटात होता, हे लक्षात ठेवून ती पानं वाचा. आणि कॉर्नब्लथच्या शेवटासाठी थोडा वेळ राखून ठेवा. युद्धात मशीनगन वाहून थकलेलं हृदय, मार्च १९५८ मध्ये दारातला बर्फ उपसून गाडी पकडायला धावला, आणि स्टेशनावर कोसळला. वय ३४.

नवख्या वाचकाने आधी नाइट वाचावं, कारण माणसांशी ओळख झाली की मॉस्कोविट्झच्या सभा आणि ठराव पेलतात. तेवढा धीर नसेल तर मॉस्कोविट्झची १९३८ पासूनची शेवटची प्रकरणं तरी वाचाच. ब्रिटनमधल्या वाचकांबद्दल वाचायचं तर मात्र दुसरं पुस्तक शोधावं लागेल. जानेवारी १९३७ मध्ये लीड्सला भरलेलं संमेलन, जिथे तरुण आर्थर क्लार्क हजर होता, त्याबद्दल मला या दोन्हींत मिळालं त्याहून बरंच जास्त वाचायचं आहे.