मोदकाचा साचा: मोदकाला ठीकठाक, उरलेल्या शिऱ्याला एक नंबर

आधीच सांगून टाकतो, मी काही बल्लवाचार्य नाही. डोंबिवलीत राहतो, लोकलने ऑफिस गाठतो, घरात चहा, पोहे, शिरा आणि रविवारची आमटी एवढंच खातं माझ्याकडे. मोदक कायम आईचे. पण दोन वर्षांपूर्वी आईचं उजवं मनगट धरलं, कळ्या काढायला बसली की अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जायची, म्हणून त्या गणपतीला मी मोठ्या आवेशात जाहीर केलं की यंदा मोदक मी करणार. जाहीर केल्यावर आठवलं की आपल्याला कळ्या काढता येत नाहीत. मग साचा. तेव्हापासून आत्तापर्यंत घरात 3 साचे झालेत, एक प्लास्टिकचा, एक अ‍ॅल्युमिनियमचा, एक सिलिकॉनचा, आणि बायको म्हणते चौथा आणलास तर तूच माळ्यावर राहायला जा. तर तिघांचा मिळून हा रिव्ह्यू.

प्लास्टिकचा स्टेशनजवळच्या भांडीवाल्याकडून घेतला, 40 रुपये. भांडीवाला म्हणाला दादा हा न्या, बायका हाच नेतात, झालं, नेला. दोन फाळके, मधे बिजागरीसारखं, बाजूला खटका, आणि खालून भोक. आतून तुपाचं बोट फिरवायचं, साचा मिटायचा, खालच्या भोकातून उकड आत घालून बोटाने भिंतींना सगळीकडे दाबत दाबत न्यायची, मधे खड्डा राहतो त्यात सारण, वरून उकडीची टिकली लावून बंद, खटका उघडला की मोदक हातात. ऐकायला दोन मिनिटांचं काम आहे. पहिला मोदक मला सात मिनिटं लागली आणि तो उघडताना कमरेत दुभंगला, कारण जिथे दोन फाळके जुळतात तिथेच माझी उकड पातळ झाली होती. दुसरा भीतीपोटी इतका जाड केला की आईने उकडल्यावर फोडून बघितला आणि शांतपणे विचारलं, "अरे, ह्यात सारण कुठाय?"

मग मला चेव आला आणि मी किचनमधला वजनकाटा काढला (हो, मी असाच आहे). आईने दुखत्या हाताने हौसेखातर 2 मोदक वळले होते, त्यातला एक साधारण 50 ग्रॅम भरला, त्यात 28 ग्रॅम उकड, 22 ग्रॅम सारण. माझा साच्यातला 48 ग्रॅम, त्यात 34 उकड आणि 14 सारण. म्हणजे दिसायला सारखाच, खायला पिठाचा गोळा. साच्याचं टोक असतं ना, त्यात सारण पोचतच नाही, तिथे नुसती उकड ठासून बसते, हातवळीच्या मोदकाचं टोक तेवढं पातळ असतं कारण कळ्या वर गोळा करताना जास्तीची उकड चिमटीने खुडून काढतात. ह्याचा परिणाम नैवेद्यावर झाला. 2 वाट्या पिठाला 2 वाट्या पाणी ह्या मापाने आईचे बरोबर 21 बसतात, माझे 17 झाले. बारा वाजून गेलेले, आरतीला सगळे उभे, आणि मी परत गॅसवर पाणी उकळायला ठेवतोय. आईने सारण शिल्लक बघितलं आणि काहीच बोलली नाही, ते जास्त लागलं.

मोदकापुरतं सांगायचं तर उकडीसाठी प्लास्टिकपेक्षा अ‍ॅल्युमिनियमचा घ्या. मी नंतर दादरला घेतला, 120 रुपये, मधल्या साइजचा. उकड गरम असतानाच भरावी लागते, थंड झाली की तडे जातात, आणि गरम गरम उकड त्या 40 रुपयांच्या प्लास्टिकमध्ये दाबताना मला तरी वास यायचा आणि मनाला पटायचं नाही. शिवाय खटका दुसऱ्याच सीझनला तुटला, आता रबरबँड लावून चालवतो. अ‍ॅल्युमिनियमचा आणल्यावर मात्र पहिल्यांदा गरम पाणी आणि साबणाने दोन-तीनदा धुवा, नव्या साच्याला आतून काळपट भुकटी असते, बोट फिरवलं की कळतं. सोड्यात वगैरे भिजवू नका, काळा पडतो. आणि दुकानातच उघडझाप करून बघा दोन्ही बाजू नीट जुळतात का, माझ्या आधी हातात दिलेला केसभर सरकलेला होता, त्यातून मोदकाला एका बाजूला शिवण आली असती.

अजून एक, साच्यातून काढल्यावर ज्या झकास रेषा दिसतात ना, त्यावर फार जीव लावू नका, दहा-बारा मिनिटं वाफवून बाहेर येईपर्यंत उकड फुगते आणि रेषा निम्म्या बुजतात. आईच्या कळ्या उकडल्यावरही उठून दिसतात कारण त्या मुळातच खोल चिमटलेल्या असतात. तर उकडीच्या मोदकाला साचा म्हणजे पाचपैकी अडीच. ज्याला कळ्या येतात त्याने ह्या फंदात पडू नये.

आता तुम्ही म्हणाल मग एवढं लिहितोयस कशाला. तर खरी गंमत गणपती उठल्यावर सुरू झाली.

झालं असं की एका रविवारी सकाळचा शिरा उरला. आमच्याकडे उरलेला शिरा म्हणजे संध्याकाळपर्यंत फ्रिजमध्ये एका स्टीलच्या डब्यात, दुसऱ्या दिवशी पण तिथेच, आणि तिसऱ्या दिवशी बायको माझ्याकडे बघत तो डबा घासायला टाकते. मुलगी सहा वर्षांची, शिरा म्हटलं की नाक मुरडते. ओट्यावर साचा वाळत पडला होता. मी शिरा चमचाभर दूध घालून परत गरम केला, कोमट झाल्यावर साच्यात दाबला आणि उघडला तर काय सांगू, इतका सुबक मोदक पडला की मी स्वतःच दोन मिनिटं बघत बसलो. तूप शिऱ्यातच असतं त्यामुळे साच्याला वेगळं लावावं लागत नाही, रवा एकमेकांना धरून राहतो, आणि वाफवायचा नसल्यामुळे रेषा जशाच्या तशा. वर केशराची एक काडी. मुलीने तीन खाल्ले. तोच शिरा, तीच मुलगी, सकाळी वाटीत दिला होता तेव्हा पोट दुखत होतं.

तेव्हापासून मी घरात जे दिसेल ते साच्यात घालून बघतोय. सगळंच जमत नाही, मी केलेल्या चुका तुम्ही करू नका म्हणून सांगतो.

भात. आपल्याकडे भाताची मूद पाडायची पद्धत आहेच, लग्नाच्या पंगतीत वाटीने पाडतात, त्यावर पिवळं साधं वरण, तुपाची धार, बाजूला लिंबाची फोड. तीच मूद साच्याने. आतून तूप नाही, पाण्याचं बोट फिरवायचं, नाहीतर शितं चिकटतात. इंद्रायणीचा भात असेल तर काही बघायलाच नको, चिकट असतो, फर्स्ट क्लास बसतो, आंबेमोहोर पण चालतो. बासमतीचा पुलाव घालायला गेलो तर ताटात ठेवेपर्यंत ढासळला, मोकळा भात तो, त्याची काय चूक. पण खरं सांगायचं तर भाताला वाटीच बरी. वरण घालायला वरून सपाट जागा पाहिजे, मोदकाच्या टोकावर वरण घातलं की सगळं घसरून ताटभर होतं. एकदा केलं, हसून घेतलं, परत नाही.

उपमा जमतो, पण मऊसर पाहिजे आणि शेंगदाणे, मटार बाजूला काढून, नाहीतर ते बरोबर रेषेत अडकतात आणि त्या जागी मोदकाला खळगा पडतो. पोह्यांच्या वाटेला जाऊच नका.

सगळ्यात भारी, आणि ह्या एका गोष्टीसाठी मी साच्याचे पैसे वसूल झाले असं मानतो, ते म्हणजे शिळ्या पोळीचा लाडू. रात्रीच्या 3 पोळ्या उरल्या की मिक्सरमधून भरड काढायची, 4 चमचे चिरलेला गूळ, 2 चमचे पातळ तूप, वेलची असेल तर वेलची, हाताने खसाखसा चोळायचं. गूळ पोळीच्या ओलाव्याला धरला की साच्यात दाबायचं. मधल्या साइजचे 5-6 होतात. लहानपणी आई हा लाडू करायची तेव्हा तो ओबडधोबड, तपकिरी, बोटांचे ठसे उमटलेला असायचा, मला फार आवडायचा पण शाळेत डब्यात न्यायची लाज वाटायची, कुणी विचारलं तर शिळ्या पोळीचा आहे हे कसं सांगणार. आता मुलीच्या छोट्या सुट्टीच्या डब्यात तोच माल मोदक होऊन जातो आणि तिच्या मैत्रिणी तिला विचारतात तुमच्याकडे रोज गणपती असतो का. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, "मग तेव्हा मला साचा का नाही आणून दिलास?" घ्या. तेव्हा मी दुसरीत होतो.

पोळी फार कडक झालेली असेल तर एक टिप, भरड काढायच्या आधी तव्यावर पाण्याचा हबका मारून गरम करून घ्या. आणि गूळ जास्त घालू नका, साच्याला चिकटतो.

ह्या चैत्रात तर पुढची पायरी झाली. आमच्याकडे चैत्रगौर बसते, आई पाळण्यात गौर बसवते, समोर कलिंगडाचं कमळ कापून ठेवते, फराळाच्या पायऱ्या मांडते, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना पन्हं आणि कैरीची डाळ. कलिंगडाच्या कडेला त्या त्रिकोणी पाकळ्या तिने कुठल्याही व्हिडिओशिवाय काढलेल्या असतात, साधी सुरी आणि डोळ्यांचं माप. म्हणजे हे सजवून मांडायचं वेड मला साच्यामुळे लागलं असं मला वाटत होतं, ते घरातलंच निघालं. तर कैरीची डाळ. हरभऱ्याची डाळ भिजवून भरड वाटलेली, किसलेली कैरी, मिरची, कोथिंबीर, वर हिंग-हळदीची फोडणी. ती ओलसर असते आणि मस्त बांधली जाते, द्रोणात एक एक मोदक, वर फोडणीतली मोहरी. बायका आधी ओळखायच्याच नाहीत, गोड समजून उचलायच्या. फक्त हे प्लास्टिकच्या, रबरबँडवाल्या साच्यात केलं, अ‍ॅल्युमिनियमच्या नाही, कारण कैरी आंबट आणि अ‍ॅल्युमिनियमला आंबट चालत नाही, चव कडवट होते आणि भांडं पण खराब होतं. त्यामुळे प्लास्टिकवाला अजून घरात आहे, माळ्यावर गेलेला नाही.

राहिला सिलिकॉनचा. ऑनलाइन मागवला, 7 मोदकांचा एक ट्रे, फोटोत हाताच्या पंजाएवढा दिसत होता, आला तर एकेक मोदक सुपारीपेक्षा जरा मोठा. साइज न वाचता ऑर्डर करणं ही माझी चूक. उकडीला शून्य उपयोग, मऊ असतो, भिंतीला दाबायला गेलं की भिंतच मागे सरकते. पण चॉकलेटला चांगला, चॉकलेट वितळवून ओता, पंधरा-वीस मिनिटं फ्रिजमध्ये, मागून ढकललं की टुपकन बाहेर, चकाकी पण येते. खव्याचे पण होतात, खवा मंद गॅसवर परतून, थोडा गार करून मग पिठीसाखर आणि वेलची मळायची, गरम खव्यात साखर घातली की पातळ होतं आणि मग साच्यात काहीच उभं राहत नाही. खजूर, काजू, बदाम मिक्सरला फिरवून केलेले तर साखरेशिवाय होतात, बाबांना डायबेटीस आहे, त्यांनी "बिनसाखरेचे" हा शब्द ऐकून चार खाल्ले, मग त्यांना सांगावं लागलं की अहो बाबा, खजूर पण गोडच असतो. सिलिकॉनचा एक दोष म्हणजे भांडी घासायच्या साबणाचा वास धरून ठेवतो. पहिली चॉकलेटं लिंबाच्या साबणासारखी लागली. नुसत्या गरम पाण्याने धुवा.

घासायचं एकूणच डोकं खातं हे मात्र आधी माहीत असू द्या. रेषारेषांत गूळ आणि तूप बसतं, घासणी आत पोचत नाही. जुना टूथब्रश, गरम पाणी, पंधरा मिनिटं भिजत. कामाला येणाऱ्या मावशींनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "दादा, हे तुमचं तुम्ही घासा," आणि ते योग्यच होतं.

आईचं मनगट आता बरं आहे. गेल्या गणपतीला तिने 21 हातानेच वळले, मला फक्त नारळ खोवायला आणि गूळ चिरायला बसवलं. उरलेल्या उकडीच्या निवगऱ्या (तिखटमीठ मळून वाफवलेल्या उकडीच्या चपट्या वड्या) करायच्या तर मी हळूच जिरं, मिरची, कोथिंबीर मळून ती उकड साच्यात दाबली, तिखट मोदक, आत काही नाही, नुसती उकड. वाफवून तेलाबरोबर ठेवले. आई म्हणाली, "आता कसा बरोबर वापरलास." साच्याची जी खोड मोदकाला नडत होती, नुसतं पीठ जास्त खायचं, ती निवगरीला चालून गेली.

स्टीलचा साचा पण मिळतो असं भांडीवाला म्हणत होता, आंबटाला चालेल, काळा पण पडणार नाही. कुणी वापरलाय का? बिजागरी टिकते का तेवढंच सांगा, बायकोला मी बघून घेतो.