डॉइचलांड-टिकेट: म्युनिकहून वीकेंडच्या भटकंतीसाठी कितपत कामाचं?

आधी किंमत, कारण पहिला प्रश्न तोच असतो. मे २०२३ मध्ये हे तिकीट आलं तेव्हा महिन्याला ४९ युरो होतं. जानेवारी २०२५ पासून ५८ झालं आणि २०२६ पासून ६३. एवढ्यात जर्मनीभरच्या प्रादेशिक गाड्या, एस-बान (म्हणजे शहराच्या लोकल), मेट्रो, ट्रॅम, बस सगळं आलं. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या मात्र नाहीत.

माझं ऑफिसला येणं-जाणं याच तिकिटावर होतं, त्यामुळे शनिवार-रविवारची भटकंती मला जवळपास फुकटात पडते. मैत्रीण ऑफिसला सायकलने जाते, म्हणजे तिला ते फक्त फिरण्यासाठीच घ्यावं लागतं. आम्ही दोघी एकाच डब्यात, एकाच बाकावर बसतो, पण हिशेब अगदी वेगळा. तिकीट नावावर असतं, दुसऱ्याला देता येत नाही आणि सोबत कुणाला नेताही येत नाही.

म्हणून तिच्यासारख्यांनी आधी बायर्न-टिकेटचा, म्हणजे बव्हेरिया राज्यातल्या प्रादेशिक गाड्यांच्या तिकिटाचा, विचार करावा. दिवसभराच्या त्या एका तिकिटावर पाच जणांपर्यंत जाता येतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून चालतं आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तीनपर्यंत पुरतं. महिन्यात एखादीच सहल करणार असाल तर तेच स्वस्त. मुक्काम केला की मात्र परतीसाठी दुसरं घ्यावं लागतं आणि तिथून गणित बिघडायला लागतं. मैत्रीण उन्हाळ्यात डॉइचलांड-टिकेट घेते आणि थंडीत बंद करते. बंद करायचं असेल तर चालू महिन्याच्या १० तारखेच्या आत कळवावं लागतं, नाहीतर पुढच्या महिन्याचेही पैसे जातात.

आता परदेशाचं. हे तिकीट सीमेपलीकडच्या काही स्टेशनांपर्यंत चालतं: ऑस्ट्रियात साल्झबुर्ग आणि कुफ्श्टाइन, स्वित्झर्लंडच्या बाजूला बाझलचं बाडिशर स्टेशन आणि शाफहाउझेन. आमचं सगळ्यात जास्त जाणं साल्झबुर्गला. म्युनिकहून थेट प्रादेशिक गाडी आहे, पावणेदोन-दोन तास लागतात. रोझेनहाइमनंतर उजवीकडे डोंगर दिसू लागतात, म्हणून जाताना त्याच बाजूची खिडकी धरायची.

साल्झबुर्ग स्टेशनबाहेर पाय ठेवला की तिकीट संपलं. वरच्या तारांना दांडे लावून धावणाऱ्या ट्रॉलीबस समोरच उभ्या असतात, पण त्यांचं तिकीट वेगळं. काही अडत नाही. पंधराएक मिनिटं चाललं की मिराबेल बाग येते आणि तिथून फुलांच्या ताटव्यांवरून नजर थेट किल्ल्यापर्यंत जाते. पादचारी पुलावरून साल्झाख नदी ओलांडली की जुनं गाव. गेट्राइडेगासं या गल्लीत दुकानांच्या लोखंडी पाट्या नक्षीदार दांड्यांवर डोक्यावर टांगलेल्या असतात. इथल्या ९ नंबरच्या पिवळ्या घरात १७५६ मध्ये संगीतकार मोझार्टचा जन्म झाला. घरासमोर फोटोसाठी एवढी गर्दी असते की दुपारी त्या गल्लीत जाऊच नये असं माझं मत. किल्ल्याचं बांधकाम १०७७ मध्ये सुरू झालं. वर जायला १८९२ पासूनची फ्युनिक्युलर (दोराने ओढली जाणारी चढावरची गाडी) आहे, पण पायवाटेचा चढ खडा असला तरी छोटा आहे आणि मध्येच थांबून खालच्या छपरांकडे बघायला मिळतं.

मोझार्टकूगल, म्हणजे मोझार्टच्या नावाचं गोल चॉकलेट, घ्यायचंच असेल तर फ्युर्स्टचं घ्या. १८९० मध्ये ते पहिल्यांदा पॉल फ्युर्स्टने केलं. त्यांचं चंदेरी-निळ्या कागदात येतं, हाताने केलेलं: आत पिस्त्याचं मार्झिपान (बदामाचा गोड गोळा), भोवती नुगाट (हेझलनटचा मऊ थर), वर गडद चॉकलेट. जागोजागी दिसणारी लाल-सोनेरी कागदातली दुसऱ्यांची.

परतताना फ्राइलासिंगला, म्हणजे सीमेवरच्या जर्मन स्टेशनवर, पोलीस चढतात आणि कागदपत्रं बघतात. प्रत्येक वेळी नाही, पण आपल्याला तरी पासपोर्ट आणि रेसिडेन्स परमिटचं कार्ड जवळ असायलाच हवं. तिकीट मोबाइलमध्ये असतं आणि तिकीट तपासनीस त्यासोबत फोटो असलेलं ओळखपत्र मागतो. फोन बंद पडला तर ते तिकीट दाखवणार कसं? पॉवर बँक बाळगा.

आरक्षण नसतं, ही मोठी उणीव. डिसेंबरात नाताळच्या बाजारासाठी शनिवारी साल्झबुर्गकडे निघालेल्या गाडीत मी ठाण्याची असूनही दमले. लोकलमध्ये निदान चौथी सीट तरी मिळते. उन्हाळ्यात सायकलींमुळे दारं अडतात. दुसरी उणीव उशिराची. एकदा क्योनिगझे या तळ्याहून येताना फ्राइलासिंगची पुढची गाडी चुकली आणि फलाटावर तासाभराहून जास्त ताटकळलो. एरवीच्या तिकिटावर अशा वेळी जलद गाडीत बसण्याचा पर्याय असतो. या तिकिटाला ती सवलत नाही. तासाभराच्या उशिराची भरपाई दीड युरो, आणि ४ युरोपेक्षा कमी रक्कम देतच नाहीत. म्हणजे तीन उशीर जमवल्यावर अर्ज करायचा!

क्योनिगझे मात्र चुकवू नका. बेर्ख्टेसगाडेन स्टेशनवरून तळ्यापर्यंतची बस तिकिटात येते, बोटीचे पैसे वेगळे. तळ्यात १९०९ पासून विजेवर चालणाऱ्या बोटी आहेत. उभ्या कड्यापाशी नावाडी बोट थांबवतो, वाद्य काढून दोन-चार सूर वाजवतो आणि कडा ते जसेच्या तसे परत करतो. मग टोपी फिरते, सुटे पैसे ठेवा.

कुफ्श्टाइन अर्ध्या दिवसाचं गाव. नदीकाठचा किल्ला बघून जेवायला म्युनिकला परत येता येतं.

मी तिकीट चालूच ठेवणार आहे. शनिवारी सकाळी पाऊस बघून बेत बदलता येतो, त्यासाठी कुठलंही आगाऊ बुकिंग रद्द करावं लागत नाही, आणि ६३ युरोत मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. फक्त म्युनिकहून टेगेर्नझेला किंवा बायरिशझेलला निघालात तर डब्यावरची पाटी वाचूनच बसा, कारण होल्त्सकिर्शेनला गाडीचे भाग सुटे होतात आणि वेगवेगळ्या दिशांना जातात.