कार्बोरेटर: जुना साफ करावा की नवा बसवावा?

चोक (थंड इंजिन सुरू करताना मिश्रणात पेट्रोलचं प्रमाण वाढवणारी कळ) बंद केला की गाडी बंद पडते, म्हणून सरळ नवा कार्बोरेटर (पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) घ्यावा का, असं एकाने विचारलं. आधी जुना खोला. हे लक्षण बहुतेकदा तुंबलेल्या पायलट जेटचं, म्हणजे इंजिन हळू फिरताना पेट्रोल पुरवणाऱ्या छोट्या भोकाच्या जेटचं असतं. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, त्यामुळे गाडी महिनोन्‌महिने उभी राहिली की पेट्रोलच्या चिकट थराने बुजतं. तारेने मात्र टोकरू नका, भोक मोठं झालं की मिश्रण कायमचं बिघडतं. कार्बोरेटर क्लीनर आणि हवेचा दाब पुरे.

खर्चात साफसफाईच स्वस्त. निडल व्हॉल्व्ह (पेट्रोल आत सोडणारी झडप) आणि गॅस्केट (सांध्यातून गळती रोखणारी पट्टी) बदलूनही. वेळ मात्र जातो.

नवा बसवायला सोपा, पण स्वस्त नकलेत जेट तुमच्या इंजिनाला जुळेलच असं नाही. ट्यूनिंग दोन्हीकडे करावंच लागतं, तेही इंजिन गरम झाल्यावर.

टिकाऊपणात मूळ कार्बोरेटर सरस, स्लाइड किंवा थ्रॉटल शाफ्ट (अ‍ॅक्सिलरेटर दिला की आत हलणारे भाग) झिजला नसेल तोवर. तिथून हवा शिरू लागली की कितीही साफ करा, आयडलिंग (अ‍ॅक्सिलरेटर न देता इंजिनाचं हळू फिरणं) स्थिर राहत नाही.

उभी राहून बिघडलेल्या गाडीला सफाई, झिजलेल्या किंवा तडा गेलेल्या कार्बोरेटरला बदली. तीही मूळ कंपनीचीच.