दहा महिने, चार गीता आणि एक उपनिषदांचं पुस्तक : इंग्रजी भाषांतरं वापरून पाहिल्यानंतर

हे गेले तेव्हा तेरा दिवस घरी रोज संध्याकाळी गीतेचा पंधरावा अध्याय म्हटला जायचा. न्यू जर्सीहून आलेली माझी सोळा वर्षांची नात सगळ्यांबरोबर गप्प बसून ऐकायची. तिला मराठी बोललेलं सगळं समजतं, पण देवनागरी अजून एकेक अक्षर लावत वाचते. तिच्या मामाने पहिल्या श्लोकाचा अर्थ तिला सांगितला होता. परत जायच्या आदल्या दिवशी तिने विचारलं, "आजी, ते मुळं वर आणि फांद्या खाली असलेलं झाड, त्याचं पुढे काय होतं?"

मी म्हटलं, ते तोडायचं असतं. वैराग्याच्या शस्त्राने. ती म्हणाली, मग मला सगळंच वाचायचंय.

गेल्या जूनपासून आम्ही दर शनिवारी वाचतो. तिकडे सकाळचे आठ, इकडे संध्याकाळचे साडेपाच. नोव्हेंबरात त्यांची घड्याळं मागे गेली की आमचे साडेसहा होतात. माझ्या हातात संस्कृत गीता आणि विनोबांची गीताई, तिच्या हातात इंग्रजी. ही इंग्रजी पुस्तकं निवडताना आम्ही बऱ्याच चुका केल्या. परदेशातल्या नातवंडांसाठी गीता किंवा उपनिषदं घ्यायची म्हणून कोणी शोधत असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. मी शाळेत संस्कृत शिकवलं आहे. पंडित नाही, पण शब्द सुटा करून बघता येतो.

पहिली गीता जावयाने ऑनलाइन मागवली. स्वस्त होती, मुखपृष्ठ देखणं होतं. पहिल्याच पानावर नात अडखळली. "आजी, अर्गुन कोण? आणि संगय?" मला वाटलं, छापण्यातली चूक असेल. पण पुस्तकभर तेच. पंधराव्या अध्यायात पोचलो तर झाडाची पानं म्हणजे 'खंद'. मूळ श्लोकात 'छन्दांसि यस्य पर्णानि' आहे, म्हणजे वेद ही त्याची पानं. त्या छंदांचे खंद झाले होते.

पुस्तकावर भाषांतरकाराचं नाव कुठेही नव्हतं. शेवटी इंटरनेट अर्काइव्हवरचे जुने खंड चाळताना उलगडा झाला. मॅक्स म्युलरच्या संपादनाखाली ऑक्सफर्डने 1879 ते 1910 या काळात पूर्वेकडच्या धर्मग्रंथांची पन्नास खंडांची माला काढली. तिच्यात 'च' आणि 'ज' दाखवण्यासाठी रोमन 'के' आणि 'जी' तिरप्या ठशात छापायची पद्धत होती. वाचणाऱ्याने तिरपा 'जी' दिसला की 'ज' वाचायचा. पुढे हे खंड कॉपीराइटमधून मोकळे झाले. कोणीतरी ते यंत्राने उतरवून घेतले, तिरपे ठसे सरळ झाले आणि अर्जुनाचा अर्गुन झाला. त्याच चालीवर छांदोग्य उपनिषद 'खांदोग्य' होऊन फिरतं आहे.

हे भाषांतर होतं काशिनाथ त्र्यंबक तेलंगांचं, मालेचा आठवा खंड, साल 1882. तेलंग मुंबईचे. पुढे मुंबई हायकोर्टाचे न्यायमूर्ती झाले, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्रेचाळिशीच्या आसपासच गेले. अशा माणसाने केलेलं काम छापून विकायचं आणि त्याचं नाव गाळायचं, याचा मला मनापासून राग आला. म्हणून पहिली सूचना हीच : पुस्तकावर भाषांतर कोणी केलं ते छापलेलं नसेल तर ते पुस्तक घेऊ नका. मग ते कितीही स्वस्त असो.

तेलंगांचं काम मात्र आम्ही सोडलं नाही. जुन्या प्रतीचे फोटो असलेली फाइल उतरवून घेतली. त्यात तिरपे ठसे जागेवर आहेत, दोन शनिवारांत नातीला सवय झाली. तेलंगांची मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे मुळात नसलेला शब्द इंग्रजीसाठी घालावा लागला की ते तो कंसात टाकतात. मूळ कुठे संपतं आणि त्यांची भर कुठे सुरू होते, हे न विचारता दिसतं. त्यांची भाषा कोरडी आहे, कोर्टाच्या निकालासारखी. नातीला पहिले दोन महिने ती जड गेली.

म्हणून जरा गोडवा यावा यासाठी एडविन अर्नोल्डची 1885 ची पद्यातली गीता घेतली. अर्नोल्ड 1850 च्या दशकाच्या अखेरीस पुण्यातल्या सरकारी कॉलेजचे, म्हणजे पुढच्या डेक्कन कॉलेजचे प्राचार्य होते. गांधीजींनी लंडनमध्ये शिकत असताना गीता पहिल्यांदा वाचली ती याच भाषांतरातून. मोठ्याने वाचायला ती खरोखर सुंदर आहे. नात अकरावा अध्याय त्यातून वाचायची तेव्हा मी मध्ये बोलत नसे. पण पंधराव्यात अर्नोल्डनी अश्वत्थ लिहून लगेच पुढे म्हटलं आहे, 'बनियन ट्री'.

बनियन म्हणजे वड. अश्वत्थ म्हणजे पिंपळ. मराठी घरातल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. वटपौर्णिमेला आपण पिंपळाला सूत गुंडाळत नाही. मी नातीला व्हिडिओवर आमच्या कोपऱ्यावरचा पिंपळ दाखवला, मग शाळेमागचा वड, त्याच्या पारंब्या. ती म्हणाली, "पण आजी, खाली येणारी मुळं तर वडाला आहेत." आणि तिचं बरोबर होतं. पुढच्याच श्लोकात 'अधश्च मूलान्यनुसंततानि' आहे, मुळं खालीही पसरलेली आहेत. ते चित्र डोळ्यांपुढे आणलं की वडच आठवतो. तेव्हा अर्नोल्डनी अगदीच आंधळेपणाने लिहिलं नाही. पण व्यासांनी अश्वत्थ म्हटलं आहे, आणि दहाव्या अध्यायात कृष्ण 'सर्व वृक्षांत मी अश्वत्थ' म्हणतो तेव्हा तिथे पारंब्यांचा काही संबंध नाही.

तेव्हापासून कोणतंही नवं भाषांतर हातात आलं की आम्ही आधी पंधराव्याचा पहिला श्लोक उघडतो. तेलंग : अश्वत्थ, तसाच ठेवलेला. अर्नोल्ड : वड. प्रभुपाद : वड.

प्रभुपादांची गीता एका ओळखीच्यांनी नातीला भेट दिली. इस्कॉनच्या संस्थापकांची ही 1972 ची संपूर्ण आवृत्ती जगभर पोचलेली आहे, त्यामुळे तिच्याबद्दल नीट सांगायला हवं. मांडणी फार सोयीची आहे. मूळ श्लोक देवनागरीत, मग रोमन, मग शब्दागणिक अर्थ, मग भाषांतर, मग तात्पर्य. रोमनवरून नात श्लोक म्हणायला शिकली ती याच पुस्तकावरून, आणि त्याबद्दल मी त्या पुस्तकाची ऋणी आहे. पण भाषांतर गौडीय वैष्णव, म्हणजे बंगालातल्या कृष्णभक्तीच्या संप्रदायाच्या नजरेतून केलेलं आहे, आणि ती नजर तात्पर्यापुरती थांबत नाही, भाषांतराच्या ओळीतही येते. दुसऱ्या अध्यायात 'प्रसादमधिगच्छति' आहे. आपल्याला प्रसाद म्हटलं की हातावर ठेवलेला शिरा आठवतो, पण इथे प्रसाद म्हणजे मनाचं प्रसन्न होणं. शंकराचार्यही भाष्यात प्रसन्नता असाच अर्थ देतात. तेलंग इथे शांतता या अर्थाचा इंग्रजी शब्द वापरतात. प्रभुपादांच्या गीतेत त्या माणसाला भगवंताची संपूर्ण कृपा मिळते. भक्तासाठी तो अर्थ मोलाचा असेल, मी त्याचा अनादर करत नाही. पण सोळा वर्षांच्या मुलीने एकच पुस्तक वाचलं तर तिला वाटेल की श्लोकातच भगवंताचं नाव आहे. ते तिथे नाही.

मग एका जुन्या विद्यार्थ्याने विन्थ्रॉप सार्जंटचं पुस्तक सुचवलं. सार्जंट हे न्यूयॉर्कचे संगीतसमीक्षक. त्यांनी गीतेच्या सातशे श्लोकांतला एकेक शब्द सोडवून त्याची विभक्ती, वचन, धातूचं रूप, सगळं दिलं. सुधारित आवृत्ती 1984 ची. पुस्तक जाडजूड आहे, मांडीवर ठेवून वाचता येत नाही, टेबल लागतं. इंग्रजी थोडं खडबडीत आहे, कारण ते शक्यतो मूळ ओळींच्या क्रमाने जातात. आणि तरी आमचं हेच पुस्तक सगळ्यात जास्त उघडलं जातं. कारण इथे नात माझ्यावर विसंबून राहत नाही. 'मा' हा शब्द दिसला की तो 'मला' नसून 'नको' आहे, हे ती स्वतः शोधते.

'कर्मण्येवाधिकारस्ते' या ओळीवर आम्ही सबंध दोन शनिवार घालवले. तेलंग म्हणतात, 'युअर बिझनेस इज विथ अ‍ॅक्शन अलोन.' सार्जंट 'राइट' म्हणतात, हक्क. प्रभुपादही हक्कच म्हणतात, पण कर्माच्या जागी 'नेमून दिलेलं कर्तव्य' आणतात, आणि नेमून दिलेलं असं श्लोकात काही नाही. अर्नोल्डच्या ओळीत अधिकार हा शब्दच विरून गेला आहे. नातीला 'राइट' पटेना. ती म्हणाली, हक्क म्हणजे मी कोणाकडे तरी मागते ते. काम करायचा हक्क मागायचा कशाला? तेव्हा मी गीताई उघडली.

'कर्मांत चि तुझा भाग तो फळांत नसो कधी.'

भाग. वाटा. घरच्या कामात जसा प्रत्येकाचा वाटा असतो तसा. विनोबांच्या आईला संस्कृत येत नव्हतं म्हणून ही गीताई झाली, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, म्हणजे माझ्यासारखंच. मग ती तो शब्द मराठीतच वापरायला लागली. इंग्रजी बोलताना मध्येच म्हणते, 'माय भाग.' मला वाटतं, तेलंगांचा 'बिझनेस' याच्या सगळ्यात जवळचा आहे. तुझं काम तेवढं, बाकी तुझं नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मराठी माणसाच्या कानाला तो शब्द नेमका सापडला होता, हे मला गीताई शेजारी ठेवूनच कळलं.

जानेवारीत उपनिषदांकडे वळलो. कारण पुन्हा तेच झाड : कठोपनिषदातही 'ऊर्ध्वमूलोऽवाक्शाख एषोऽश्वत्थः सनातनः' आहे. इथे आम्ही आधीच्या चुकांमधून शिकून पॅट्रिक ऑलिव्हेल यांचं 1996 चं भाषांतर घेतलं. एका खंडात प्रमुख उपनिषदं, सध्याची साधी इंग्रजी, भाषांतरकार धर्मशास्त्राचे नावाजलेले अभ्यासक. टिपा शेवटी आहेत, त्यामुळे एक बोट कायम मागच्या पानांत ठेवावं लागतं. टाइप बारीक आहे, माझ्या वयाला भिंग लागतं. तिच्या वयाला चालतं.

छांदोग्याचा सहावा अध्याय, उद्दालक आणि त्याचा मुलगा श्वेतकेतू. 'तत्त्वमसि' तिथे नऊ वेळा येतं. माझ्या सगळ्या आयुष्यात मी त्याचा अर्थ 'ते तू आहेस' असा ऐकला आणि शिकवला. ऑलिव्हेल लिहितात, 'अँड दॅट्स हाऊ यू आर.' तू असा आहेस. मी पुस्तक मिटून ठेवलं. त्या रात्री झोप नीट लागली नाही. पुढच्या शनिवारपर्यंत टीप तीन वेळा वाचली. मुद्दा व्याकरणाचा आहे : 'त्वम्' म्हणजे श्वेतकेतू, पुल्लिंगी, तर 'तत्' नपुंसकलिंगी. जोएल ब्रेरेटन या अभ्यासकांनी 1986 मध्ये मांडलं की म्हणून इथे 'तत्' म्हणजे 'त्या प्रकारे' असं घ्यावं. व्याकरण मला मान्य करावं लागलं. तरी आचार्यांच्या परंपरेने हजार वर्षांहून जास्त काळ या तीन शब्दांवर जे उभं केलं, ते एका टिपेने बाजूला ठेवायला माझं मन तयार नाही. अशा वेळी मी नातीला मॅक्स म्युलरचं 1879 चं भाषांतरही वाचायला देते, तिथे 'दाऊ आर्ट इट' आहे. दोन्ही समोर ठेवते. एकट्या ऑलिव्हेलवर उपनिषदं वाचणाऱ्याला हा वाद आहे हेसुद्धा टिपेपर्यंत गेल्याशिवाय कळणार नाही.

ऋग्वेदाकडे अजून गेलो नाही. ग्रिफिथचं 1889 नंतरचं भाषांतर सगळीकडे फुकट मिळतं, पण काही ऋचा अश्लील वाटल्या म्हणून त्यांनी त्या इंग्रजीत न देता परिशिष्टात लॅटिनमध्ये दिल्या. नातीला मी ते वाचायला देणार नाही. तिला लॅटिन येत नाही, आणि ऋषींची लाज वाटावी असं मी तिला शिकवलेलं नाही.

संस्कृत थोडं येत असेल तर आयआयटी कानपूरची गीता सुपरसाइट वापरा. श्लोकाखाली शंकर, रामानुज आणि इतरांची भाष्यं एकाच ठिकाणी उघडतात. मोबाइलवर जरा अडचणीचं होतं, लॅपटॉपवर बरं.

गेल्या महिन्यात छांदोग्यातलाच पुढचा खंड वाचत होतो. उद्दालक मुलाला फळ आणायला सांगतो, ते फोडायला सांगतो, आतलं बी फोडायला सांगतो आणि विचारतो, काय दिसतं? 'काहीच नाही.' त्या न दिसणाऱ्या सूक्ष्मातूनच हे एवढं मोठं झाड उभं आहे, असं तो म्हणतो. मुळात ते फळ न्यग्रोधाचं आहे. ऑलिव्हेल 'बनियन' लिहितात, आणि इथे ते अचूक आहे. नातीने संस्कृत शब्द विचारला. मी सांगितला : न्यग्रोध, खाली वाढत जाणारा.

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "म्हणजे वडाला त्यांच्याकडे वेगळं नाव होतं. मग गीतेत त्यांना वड म्हणायचा असता तर त्यांनी न्यग्रोध म्हटलं असतं ना?"

मी तिला म्हटलं, हे अर्नोल्डच्या पानावर समासात लिहून ठेव. तिने पेन्सिलने लिहिलं, आणि खाली तारीख घातली.