सहा हजारांचा कन्सल्टंट आणि फुकटचं पेन्शन ऑफिस (पुणे ते श्टुटगार्ट)

रिव्ह्यू दोघांचा आहे, एकत्रच लिहिते. पहिला पुण्यातला टॅक्स कन्सल्टंट, २०२२ मधे निघायच्या आधी पाऊण तासाचे सहा हजार घेतले त्याने, नाव टाकत नाही. दुसरं म्हणजे जर्मनीत श्टुटगार्टमधलं डॉइचे रेन्टेनफरझिषरुंगचं सल्ला केंद्र, म्हणजे इथलं सरकारी पेन्शन खातं. तिथे मी गेल्या आठवड्यात जाऊन आले आणि तेव्हापासून डोक्यात हेच चाललंय की हे तीन वर्षांपूर्वी कोणी का नाही सांगितलं.

आधी कन्सल्टंट. माणूस हुशार आहे, इंडियाच्या टॅक्समधे पक्का. मी ऑगस्टमधे निघत होते, त्याने कॅलेंडर काढून १ एप्रिलपासूनचे दिवस मोजले आणि म्हणाला १८२ दिवसांच्या आत आहात, नोकरीसाठी बाहेर जाताय, म्हणजे या फायनान्शियल इयरला तुम्ही एनआरआय, जर्मनीच्या पगाराला इंडियात हात लावायचा नाही. हे एकदम बरोबर निघालं. माझा एक कलीग त्याच वर्षी नोव्हेंबरमधे आला, त्याचे १८२ केव्हाच उलटून गेलेले, तो त्या वर्षी रेसिडेंटच राहिला आणि मग जर्मनीचा पगार इंडियाच्या रिटर्नमधे दाखव, इकडे भरलेल्या टॅक्सचं क्रेडिट मिळवायला फॉर्म ६७ भर, सगळं लचांड मागे लागलं. तर ज्यांची जॉइनिंग डेट पुढेमागे होऊ शकते त्यांनी सप्टेंबरचा शेवटचा आठवडा येण्याआधी विमानात बसलेलं बरं. या एका सल्ल्याचे तीन हजार वसूल, असं मी धरते.

उरलेल्या तीन हजारांचं काय झालं ते ऐका. त्याने सांगितलं, जाण्याआधी पीएफ पूर्ण काढून टाका, पेन्शनचा भाग पण काढा, नंतर परदेशातून कोण धावपळ करणार. आणि जर्मनीत पेन्शनचे पैसे कापतील ते विसरा, बुडीत खातं. मी घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा प्रायव्हेट कंपनीत बत्तीस वर्षं काढून रिटायर झालेत आणि पीएफचं पासबुक हा त्यांचा धर्मग्रंथ आहे. ते म्हणाले, "अगं सहा वर्षं भरलेत तू, दहा झाली की पेन्शन लागते, हात नको लावूस." मी म्हटलं बाबा, महिन्याला साडेबाराशे रुपये जमा होतात त्या पेन्शनमधे, त्याची काय पेन्शन येणार. (खरंच तेवढेच होतात, पगार कितीही असला तरी माझ्यासारख्यांचं ८.३३ टक्के हे १५ हजारांवरच काढतात.) पण फॉर्म भरायचा कंटाळा केला आणि राहून गेलं. आयुष्यात आळशीपणाचा एवढा फायदा कधी झाला नव्हता.

अजून एक, त्याने सेव्हिंग अकाउंटबद्दल चकार शब्द काढला नाही. एनआरआय झालं की साधं अकाउंट तसंच ठेवता येत नाही, एनआरओ (एनआरआयंसाठीचं रुपयातलं खातं) करून घ्यावं लागतं, हे मला दीड वर्षाने बँकेतल्या मावसभावाने सांगितलं.

आता इथलं. माझी पगाराची स्लिप ४,८०० युरो ग्रॉसची, त्यातून पेन्शनचे ९.३ टक्के म्हणजे ४४६ युरो दर महिन्याला जातात, तेवढेच कंपनी घालते. मी बुडीत समजून तीन वर्षं त्या ओळीकडे बघितलंच नाही. मग नवरा म्हणाला दोन-चार वर्षांत परत जायचं का याचा विचार करू, तेव्हा डोक्यात आलं की चला एकदा विचारून येऊ. ऑनलाइन अपॉइंटमेंट घेतली. माझं जर्मन बी१ लेव्हलचं, म्हणजे कामापुरतं, समोरची बाई पन्नाशीची, हळू बोलली, आणि प्रत्येक गोष्ट कागदावर काढून दाखवली.

तिचा पहिलाच प्रश्न होता, इंडियातल्या कंपनीने पाठवलंय का इथल्या कंपनीने घेतलंय. सगळं इथूनच फुटतं. भारत आणि जर्मनीचा सोशल सिक्युरिटीचा करार आहे, २०११ ला सही झाली, १ मे २०१७ पासून लागू. इंडियातल्या कंपनीने ऑनसाइट पाठवलेल्या माणसाची कंपनी ईपीएफओकडून (आपलं पीएफ ऑफिस) कव्हरेज सर्टिफिकेट काढते, मग ४८ महिन्यांपर्यंत इथले पेन्शनचे पैसे कापत नाहीत, पीएफ तिकडे चालू राहतो. माझ्यासारख्या लोकल काँट्रॅक्टवाल्यांना इथेच भरावं लागतं. इथल्या पेन्शनसाठी किमान ६० महिने लागतात, माझे झालेत ३८. मी म्हटलं म्हणजे गेले. बाई म्हणाली, इंडियात काही भरलंय का? सहा वर्षं, म्हटलं. मग करारानुसार ती वर्षं जोडून ६० ची अट पूर्ण होते! पैसे जोडत नाहीत हं, फक्त पात्रतेसाठी वर्षं मोजतात, जर्मनी आपल्या ३८ महिन्यांचंच देणार. आणि तसंच उलटं, इथले महिने आपल्या ईपीएसच्या (पीएफमधला पेन्शनचा भाग) दहा वर्षांसाठी मोजता येतात. तिकडचा पेन्शनचा भाग मी काढून घेतला असता तर त्याबरोबर सेवेची वर्षं पण गेली असती. ज्यांना खातं चालू ठेवायचं नाहीये त्यांनी पेन्शनचा भाग काढायच्या फॉर्म १०सी मधे पैसे न मागता स्कीम सर्टिफिकेट, म्हणजे सेवेची वर्षं जपून ठेवणारा कागद, मागायचं. हे कन्सल्टंटला माहीत नव्हतं का सांगायचा कंटाळा होता, देव जाणे.

परताव्याचं, म्हणजे भरलेले पैसे परत मिळण्याचं, पण विचारलं. ६० महिन्यांच्या आत परत गेलं, तर युरोपियन युनियनच्या बाहेर राहून २४ महिने झाल्यावर अर्ज करता येतो, पण मिळतो फक्त आपला ९.३ चा हिस्सा, कंपनीचा अर्धा इथेच राहतो. माझा हिस्सा अंदाजे सतरा हजार युरो, मोह होतो. दुसरीकडे पेन्शनचा हिशोब पॉइंटवर चालतो, सरासरी पगार असेल तर वर्षाला एक पॉइंट, आणि जुलै २०२५ ला एका पॉइंटचे महिन्याला ४०.७९ युरो झाले. माझे साडेतीनच्या वर झालेत, म्हणजे त्या दराने महिन्याला दीडशेच्या आसपास, पण ते मिळणार वयाच्या ६७ ला. आणि ६० महिने पूर्ण भरून परत गेलं तर परतावा नाहीच, पेन्शनच घ्यायची. काय करायचं ते अजून ठरलं नाहीये, नवऱ्याचं मत परतावा घेऊन इंडेक्स फंडात टाक, बाबांचं मत तुम्ही ओळखलं असेलच.

तोटे पण सांगते. बाईने टॅक्सबद्दल एक अक्षर बोलायला नकार दिला, ते काम फिनान्सआम्टचं, म्हणजे इथल्या टॅक्स ऑफिसचं. टॅक्स रिटर्न मी आधीच एका इंग्रजी ॲपवर भरलं होतं कारण एल्स्टर हे सरकारी पोर्टल फुकट असलं तरी त्यातलं जर्मन बघून घाम फुटतो. तिथे एक गंमत कळली, ज्या वर्षी आलो त्या वर्षाचा आधीचा पुण्याचा पगारही दाखवावा लागतो, त्यावर टॅक्स नाही लागत पण त्याच्यामुळे इथल्या पगारावरचा रेट वर चढतो. तरी विमानाचं तिकीट आणि सामान हलवायचा खर्च दाखवून थोडे परत आले.

आणि जाता जाता, पत्ता नोंदवायला जाल तेव्हा फॉर्मवर धर्माचा रकाना असतो. आमच्यातल्या वसईच्या एकाने प्रामाणिकपणे कॅथलिक लिहिलं आणि पहिल्या स्लिपमधे चर्च टॅक्स, इन्कम टॅक्सच्या ८ टक्के. तो म्हणतो वसईत रविवारी पेटीत टाकायचो ते स्वस्त होतं.

रेटिंग: कन्सल्टंटला अडीच, त्यातले दोन १८२ दिवसांसाठी. पेन्शन ऑफिसला साडेचार, अर्धा कापला कारण अपॉइंटमेंट पाच आठवड्यांनी मिळाली. निघताना बाईने माझ्या ३८ महिन्यांच्या नोंदीचा कागद प्रिंट करून दिला. फोटो बाबांना पाठवला, दोन मिनिटांत उत्तर आलं, "शिक्का कुठाय?"