शोकांतिकेचं रक्त भाड्याने: संच घेण्याआधी संहिता वाचा

फोंड्याकडच्या एका ड्रेपरीवाल्याकडे आता कपडे-दागिन्यांसोबत 'जखमांचा संच' मिळतो. दोन दिवसांचं भाडं ८०० रुपये, अनामत वेगळी. डब्यात २०० मिली रक्त, तोंडात फोडायच्या सहा कॅप्सूल, फोडलेल्या डोळ्यांचे लॅटेक्सचे दोन तुकडे, ते चिकटवायचा स्पिरिट गम आणि तो काढायचा रिमूव्हर. स्पर्धेसाठी शेक्सपिअर किंवा ग्रीक नाटक बसवणाऱ्या हौशी मंडळांनी तो जरूर बघावा, पण अख्खा घेऊ नये.

रक्त उत्तम आहे. साखरेचा पाक, खायचा लाल रंग, चिमूटभर कोको, धुता यावं म्हणून थोडा साबण. त्यामुळे सरबतासारखं गुलाबी दिसत नाही. 'मॅकबेथ'च्या दुसऱ्या अंकातल्या दुसऱ्या प्रवेशात हे खरं कामाला येतं. अख्खा समुद्रही हे हात धुऊ शकणार नाही, असं राजाचा खून करून आलेला मॅकबेथ म्हणतो; थोडं पाणी पुरे, असं त्याची बायको. दोन्ही वाक्यं प्रेक्षकाला पटायची तर रक्त ओलं, चकाकणारं हवं आणि लगेच निघणारंही. दर हाताला एक चमचा बास. जास्त घेतलं की कोपरापर्यंत ओघळतं आणि अंगरखा जातो. पुढे द्वारपालाचा प्रवेश आहे, तेवढ्यात विंगेत बादली, साबण आणि ओला पंचा तयार ठेवा. नखांच्या कडांना आधी व्हॅसलीन लावा, नाहीतर लाली तिथेच अडकते. तळहाताला मात्र लावू नका, रक्त थेंबाथेंबांनी तुटतं.

पाचव्या अंकात हीच बाटली कुलपात ठेवा. आता राणी झालेली त्याची बायको झोपेत हात चोळते; डाग दिसतो तिला, वास येतो तिला. बघणाऱ्याला कोरे हात दिसले तरच अंगावर काटा येतो. तिथे लाल बोटं दाखवणारे दिग्दर्शक अजून आहेत, काय बोलायचं!

प्रकाशयोजनाकाराला आधीच विचारा. निळ्या झोतात हे रक्त काळं दिसतं, लाल झोतात जवळजवळ नाहीसं होतं. रंगीत तालमीत खरे दिवे लावूनच बघा.

डोळ्यांचे तुकडे मात्र परत करा. 'किंग लिअर'मध्ये म्हाताऱ्या सरदार ग्लॉस्टरचे डोळे तिसऱ्या अंकात, रंगमंचावरच काढले जातात आणि त्यानंतर त्याला बरंच काम आहे. हे तुकडे पूर्ण बंद, नटाला काहीच दिसत नाही. देवळासमोरच्या उघड्या मंचावर, कठडा नसताना, हा सरळ धोका आहे. शिवाय आपल्या दमट हवेत घामाने गम सुटतो आणि कड उचलते. करुण प्रसंगाला हशा मिळतो. लॅटेक्स काहींच्या कातडीला सोसत नाही, तेव्हा वापरायचंच असेल तर आदल्या दिवशी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघावं.

खरं तर उपाय शेक्सपिअरनेच देऊन ठेवलाय: एक नोकर जखमांवर लावायला जवसाचा धागा आणि अंड्यातलं पांढरं आणायला जातो. म्हणजे पट्टी. पातळ गॉजचा एकच पदर, वर तपकिरी-लाल रंग आधीच वाळवलेला. नटाला आरपार दिसतं, आणि स्पर्शानेच आता मला दिसतं, असं हा म्हातारा म्हणतो तेव्हा प्रेक्षकाचं लक्ष त्याच्या चाचपडणाऱ्या बोटांवर राहतं.

'ईडिपस'मध्ये राजा स्वतःचे डोळे फोडतो ते आत, महालात. दूत सांगतो: राणी योकास्तेच्या वस्त्राच्या पिना, दाढीवर ओघळलेलं रक्त. श्रोत्यांनी ते कानांनी पाहिलेलं असतं, त्यामुळे बाहेर येणाऱ्या राजाला थोडं पुरतं. खालच्या पापणीपासून बोटभर खाली सुरुवात करा, डोळ्यांत थेंबही जाता कामा नये. बाटलीतल्या या रक्तात धुण्यासाठी साबण आहे, म्हणून ते तोंडातही नको. सुरुवातीला येणाऱ्या आंधळ्या भविष्यवेत्त्या तायरेसियसची आठवण व्हावी अशी चाल राजाला दिली तर रंगभूषेचं निम्मं काम वाचतं.

'झुंझारराव' (१८९०) किंवा मूळ 'ऑथेल्लो' करणाऱ्यांनी हा खर्च करूच नये. बायकोला बिछान्यावर मारताना तिचं रक्त सांडणार नाही, असं नायक स्वतःच म्हणतो. पांढरी चादर हवी, तीही इस्त्रीची. शेवटी तो स्वतःला भोसकतो, तेवढ्याला घरी केलेलं दोन चमचे रक्त पुष्कळ.

जत्रेच्या प्रयोगाला पाकामुळे मुंग्या येतात, कपडे त्याच रात्री थंड पाण्यात टाका. दुकानदार विचारल्यावर बाटली सुटी देतो. घेताना झाकण उघडून वास घ्या: आंबट वास किंवा फेस आला तर पाक फसफसलाय, दुसरी मागा.