प्लेलिस्ट लावून कादंबरी लिहिणे: सात महिन्यांनंतर, आणि त्या राखाडी गाण्याबद्दल

मंगळवारी पहाटे लिहायला बसले, हेडफोन चढवले, 'मृण्मयी' नावाची प्लेलिस्ट उघडली, तर सातवं गाणं राखाडी झालेलं. बोट लावलं की खाली पट्टी येते, 'सध्या उपलब्ध नाही'. संपला विषय. मृण्मयी ही माझ्या कादंबरीची नायिका. ती घर सोडते ते सतरावं प्रकरण मी त्या एका गाण्यासाठी तीन आठवडे राखून ठेवलं होतं. म्हणून हा अनुभव आज लिहितेय, आणि थोडा तिरसटपणे लिहितेय.

पात्रागणिक प्लेलिस्ट करायची कल्पना लिहिणाऱ्यांना नवी नाही, त्यामुळे ती समजावत बसत नाही. माझ्या अकरा झाल्या, एकूण एकशे त्रेचाळीस गाणी. पहिला महिना गाण्यांच्या अॅपच्या फुकटातल्या आवृत्तीवर काढला, कारण भागतंय तर पैसे कशाला घाला. आजोबांच्या मृत्यूच्या प्रसंगात ऐन श्वास अडकायच्या जागी एक बाई खिदळत कसलीशी जाहिरात करायला लागली, त्या दिवशी मुकाट्याने पैसे भरले.

तर सातवं गाणं. त्यातलं मला काय हवं होतं, तर गाणं नव्हेच. सूर लागायच्या आधी गायिका श्वास घेते, तो ऐकू येतो. जेमतेम एक सेकंद. पुढे चार मिनिटं काय म्हणते याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. दार उघडायच्या आधी मृण्मयी तसाच श्वास घेणार होती. गंमत म्हणजे पहिले दीड महिने हा श्वास मला ऐकूच आला नव्हता, कारण क्रॉसफेड, म्हणजे एक गाणं संपता संपता पुढचं त्यात मिसळायची सोय, पाच सेकंदांवर ठेवलेला. आधीच्या गाण्याची शेपटी पुढच्या गाण्याच्या डोक्यावर पडायची आणि श्वास त्याखाली चिरडायचा. लिहिण्यासाठी प्लेलिस्ट करत असाल तर आधी तो क्रॉसफेड शून्यावर आणा. ऑटोप्लेही बंद करा, नाहीतर यादी संपल्यावर अॅप 'तुम्हाला हेही आवडेल' म्हणत स्वतःची गाणी घुसडतं. एकदा माझ्या खलनायकाच्या यादीमागून बालगीत लागलं होतं.

गाणं डाउनलोड केलेलं होतं की, असं म्हणाल. होतं. पण ते डाउनलोड म्हणजे आपल्या फोनात ठेवलेली त्यांची कुलूपबंद पेटी. हक्कांचा करार संपला की किल्ली फिरत नाही. मदतकेंद्राला लिहिलं. चार उत्तरं आली, चारही वेळा 'कॅशे साफ करून पाहा', म्हणजे अॅपने फोनात साठवलेला तात्पुरता पसारा पुसा. पाचव्यांदा मी लिहिलं की कॅशे एवढी साफ आहे की तिच्यात तोंड दिसेल, गाण्याचं बोला. त्यावर संवाद बंद केल्याचा निरोप आणि सेवेला किती तारे द्याल असा प्रश्न.

आता मध्येच मत बदलतेय, तेही सांगते. चौथ्या महिन्यापर्यंत मी ज्याला त्याला सांगत सुटले होते की प्लेलिस्टशिवाय लिहूच नका. मग बारावं प्रकरण ताईला वाचायला दिलं. पावसातल्या निरोपाचं. लिहिताना माझ्याच डोळ्यांना धार लागली होती. ताईने पानं खाली ठेवली आणि म्हणाली, "ही एवढी का रडतेय गं? काही झालंच नाही की अजून." रागच आला. रात्री हेडफोन न लावता स्वतः वाचलं तर खरंच काही झालं नव्हतं. दोन माणसं उभी आणि पाऊस पडतोय एवढंच. बाकी सगळं हेडफोनमधल्या सारंगीने केलेलं, आणि सारंगी काही पानावर उतरलेली नव्हती. मी रडले होते ते सारंगीसाठी, आणि श्रेय दिलं होतं माझ्या वाक्यांना. त्यानंतर नियमच केला: लिहिताना गाणी चालतील, दुरुस्तीला बसताना हेडफोन दुसऱ्या खोलीत.

शब्दांच्या गाण्यांचा त्रास वेगळाच. समजणाऱ्या भाषेतलं गाणं चालू असलं की संवाद बिघडतात. एका पोलिसाच्या तोंडी 'चांदणं सांडलं' आलं तेव्हा कळलं. यावर वाचत गेले तर सालामे आणि बॅडली या मानसशास्त्राच्या संशोधकांचं १९८९ मधलं काम सापडलं: गायलेलं संगीत अल्पकालीन स्मरणात वाद्यसंगीतापेक्षा जास्त ढवळाढवळ करतं. त्यांनी लोकांना आकडे लक्षात ठेवायला लावले होते, कादंबरी लिहायला नाही, पण पोलिसाचं चांदणं बघता मला तेवढं पुरे झालं. आता संवादाच्या प्रकरणांना फक्त वाद्यं, तीही लांब विलंबित. छोट्या तुकड्यांत दर चार मिनिटांनी मन दचकून 'आता काय लागलं' बघायला जातं.

वेळखाऊपणाबद्दल फार बोलत नाही, लाज वाटते. तिसऱ्या महिन्यात एका अख्ख्या रविवारी मी गाणी वर-खाली सरकवली आणि एक ओळ लिहिली. ती ओळही नंतर खोडली.

मग उपयोग काय झाला? एकच, पण भक्कम. रोज सुरुवातीला तोच एक सतारीचा आलाप लावते. दोन-अडीच महिन्यांनी असं झालं की पहिली तार छेडली जायच्या आत माझी बोटं कळफलकावर. आधी लिहायला लागण्यापूर्वी तासभर कपाट आवरायचे, नखं कापायचे, ते सगळं बंद. यादी सेहेचाळीस मिनिटांची आहे. ती संपली की उठते, वाक्य अर्धं राहिलं तरी. बाकीच्या दहा प्लेलिस्टपैकी सात मी शांतपणे पुसून टाकल्या. पैसे भरणं मात्र अजून चालू आहे. एका आलापासाठी एवढे पैसे म्हणजे उधळपट्टी, हे मलाही कळतं. महिनाअखेरीस त्या आलापाची रीतसर फाइल विकत घेऊन हे बंद करायचं ठरवलंय. निदान ती तरी राखाडी होणार नाही.

आणि हो, काल ते सातवं गाणं परत आलं. यादीत नाही, यादीतली जागा अजून राखाडीच. शोधल्यावर नव्या मुखपृष्ठासह, 'सुधारित आवृत्ती' म्हणून सापडलं. घाईघाईने लावलं. खरखर काढलीय, आवाज लख्ख केलाय, आणि सुरुवातीचा श्वासही काढून टाकलाय. थेट सुरावरच सुरू होतं. सतरावं प्रकरण मंगळवारीच शांततेत लिहून झालं होतं. त्यात मृण्मयी श्वास घेते.